आमटी पुढं सरकत नाही

"आजी, हे बघा. काल दुपारपासून तुम्ही जे जे दिलंत ते सगळं इथंच पडून आहे. यांनी काहीच पुढं घेतलेलं नाही," असं डॉक्टर महेंद्र ऐवळे म्हणाले आणि मी त्या राखाडी पडद्याकडं बघितलं. सांगलीच्या दवाखान्यातली ती अतिदक्षता खोली, सकाळचे दहा वाजलेले, खाटेवर आमचे हे, नाकात नळी, डोळे मिटलेले, आणि उघड्या पोटावर थंडगार चिकट लेप लावून डॉक्टरांनी टेकवलेला सोनोग्राफीचा दांडा. पडद्यावर आधी मला नुसता धूर दिसत होता, तवा करपल्यासारखा. मग डॉक्टरांनी बोट ठेवलं तिथं एक काळी पिशवी दिसायला लागली आणि पिशवीच्या तळाशी पांढरे कण. "हे जठर. आणि हे तळाशी बसलंय ना, ती तुमची डाळ." मी चष्मा पदराला पुसला आणि परत बघितलं. माझी डाळ. माझ्या मुलाच्या, पुष्करच्या घरी सकाळी उठून शिजवलेली, घोटलेली, तीनदा फडक्यातून गाळलेली, हिंग-हळद बेतानं. हा माणूस सहा दिवस बेशुद्ध आहे, ह्याला बायकोचं नाव ठाऊक नाही, स्वतःचं ठाऊक नाही, उजवा हात कुठं आणि डावा कुठं त्याचा पत्ता नाही, आणि तरीसुद्धा माझी आमटी ह्यानं बरोब्बर ओळखली आणि बाजूला सारून ठेवली. डोक्यातली शीर फुटली, पण खोड काही फुटली नाही.

डॉक्टर मला समजावत होते की यात कुणाचा दोष नाही, एवढा मोठा झटका आला की पोटाची हालचाल मंदावते, आणि जठर असं भरलेलं राहिलं की सगळं उलट वर येतं, वर आलेलं छातीत उतरतं, आणि मग काही खरं नसतं. मी मान हलवत होते. माझ्या कानात मात्र भुरका वाजत होता. एकाच भुरक्याचा आवाज, एकोणीसशे एक्कावन्न सालचा. हे वाईच्या शाळेत गणिताचे मास्तर, आमच्या घरी साताऱ्याहून शाळा तपासायला आलेले साहेब जेवायला, शाळेतले मास्तर धरून सात पानं, माझ्या लग्नाला दोन महिने, माझं वय अठरा. पानाभोवती रांगोळी मीच काढलेली. ह्यांनी पानाबाहेर चित्राहुती ठेवल्या, आपोष्णी घेतली, वरणभात झाला, मग आमटीचा द्रोण उचलून एक भुरका मारला. एकच. द्रोण खाली ठेवला, तोंड कसनुसं केलं नाही, आरडाओरडा केला नाही, उलट अगदी गणिताच्या तासाला बोलतात तशा शांत आवाजात म्हणाले, "मंडळी, उठू या. ही आमटी नव्हे, हे धुणं खळबळलेलं पाणी आहे. माझ्या बहिणीकडं चला." आणि पंगत उठली. भरल्या पानावरून उठू नये, दारातल्या कुत्र्यालासुद्धा उठवू नये, पण साहेब उठले म्हणून सगळे उठले. सात पुरुष रेशमी कद नेसून, उघड्याबंब अंगानं, उष्टे हात पुढं धरून आमच्या आळीतून पुढच्या आळीत गेले, आणि मी पळी हातात धरून दारात उभी. समोरच्या माडीवरून बायका बघत होत्या. पळीतून आमटी माझ्या पायावर गळत होती, ती गरम होती एवढं मला अजून आठवतं.

तेवढ्यावर मिटलं असतं तर मी विसरलेही असते. बायका ह्याहून मोठमोठ्या गोष्टी विसरतात. पण ह्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. बारशाला सांगितली, मुंजीला सांगितली, साताऱ्याला पुतणीच्या लग्नात, कार्यालयभर माणसं असताना, मी नऊवारी नेसून समोर बसलेली असताना सांगितली. चांगली सांगायचे, मेलं ते एक अंग होतं त्यांच्यात. साताचे अकरा झाले, अकराचे एकवीस, शाळातपासनीसाचा कलेक्टर झाला, आणि शेवटी मी म्हणे घाबरून ज्याच्या बुडाशी उरलेली आमटी ओतली तो दुधी भोपळ्याचा वेल म्हणे चौथ्या दिवशी वाळला. लोक हसायचे. मीही हसायचे. न हसून सांगते कुणाला? हसताना माझी खालची दाढ दुखायची, कारण मी ती वरच्या दाढेवर दाबून धरलेली असायची. पुढं ती दाढ काढावी लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, एवढी झिजली कशानं? मी म्हटलं, विनोदानं.

"आवं आजी, आजोबांच्या पोटात काय दिसतंया म्हनं?" जाईबाईनं विचारलं. ही तिथली आया, कराडजवळच्या मलकापूरची, लग्न होऊन इकडं आलेली, तोंडानं अखंड चालू. ते मशीन गाड्यावर घालून ढकलत आणायचं काम तिचं. त्या गाड्यावर मोठी पाटी चिकटवलेली, "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही". कायदा नवा होता, पाटीही कोरी करकरीत होती. मशीन रोज पोटुशा बायकांच्या खोलीतून निघून आमच्या ह्यांच्या खाटेपाशी यायचं, आणि बाहेर बाकावर रांगेत बसलेल्या त्या बायका आपापली पोटं धरून विचारायच्या, कुणाला एवढी घाई? मी जाईबाईला म्हटलं, "आमटी दिसतीय." ती म्हणाली, "म्हंजे पोरगी." आणि स्वतःच खिदळली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "न्हाई पर, तुमच्यावानी बाईमानूस म्या बगितलं न्हाई. सा दिस झालं, खुर्ची सोडंना तुमी. दुसऱ्या खाटंचं नातेवाईक सांच्याला येत्यात, तोंड दावत्यात, जात्यात. लय माया हाय बघा तुमची."

माया! सगळा दवाखाना हेच म्हणत होता. मोठे डॉक्टर जाता-येता हात जोडायचे. पुष्कर, बँकेत कामाला, तो तर डोळे पुसत म्हणाला, "आई, नानांचं नशीब थोर, त्यांना तू मिळालीस." त्याला काय सांगणार, की बाबा रे, मी ह्या खुर्चीत बसलेय ती पहारा द्यायला. कैदी फरार होऊ नये म्हणून फौजदार बसतो तशी. कारण मला ह्या माणसाला एक गोष्ट सांगायची होती, तेहेतीस वर्षं राखून ठेवलेली, आणि ती ऐकायच्या आधी ह्याला मरायची परवानगी नव्हती.

ती गोष्ट अशी. पंगत उठवली त्या दिवसापासून हे माझ्या हातची आमटी जेवले नाहीत. पोळी, भाजी, भात चालायचा, आमटी मात्र पुढच्या आळीतल्या अंबूवन्संकडून, म्हणजे ह्यांच्या थोरल्या विधवा बहिणीकडून, पितळी डब्यातून यायची. तेरा वर्षं त्यांनी ती पाठवली. मग चौसष्ट साली त्यांची बोटं संधिवातानं धरली, आणि खरं सांगायचं तर स्वयंपाकाचा त्यांना जन्मापासून कंटाळा. एका दुपारी परसदारानं आल्या आणि म्हणाल्या, "विनू, उद्यापासून तू कर बाई. मी डब्यात भरून पाठवते. नान्याला कळू देऊ नकोस, उपाशी राहील मेला." मी केली. जशी एक्कावन्न साली केली होती तशीच, तीच चिंच, तोच गूळ, तोच गोडा मसाला, हट्टानं तीच. सकाळी अकराला माझी आमटी मागच्या दारानं वन्संकडं जायची, बाराला त्यांच्या डब्यात बसून पुढच्या दारानं माझ्या घरी यायची. दोन आळ्यांची हवा खाऊन यायची एवढंच. आणि हे भुरका मारायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "ह्याला म्हणतात हात. बघ. शिक काहीतरी." रोज. चौसष्टपासून सत्त्याण्णवपर्यंत रोज. पहिली दोन वर्षं मी भीतीपोटी गप्प बसले. मग रागानं. मग मात्र त्याची गोडीच लागली. लोणचं मुरत ठेवतात तसं मी ते बरणीत घालून दादरा बांधला, आणि रोज दुपारी बाराला बरणी हलवून बघत राहिले.

ह्यांची पंच्याहत्तरी सांगलीत करायची पुष्करनं ठरवली, विश्रामबागेत हॉल घेतला, दीडशे माणसं. "आई, तू बोलशील ना दोन शब्द?" म्हणाला. दोन कशाला, मी चांगलं पाठपोट कागद भरून लिहून काढलं होतं. हे आधी आमटीची गोष्ट सांगणार हे ठरलेलंच होतं. लोक हसणार हेही. ते हसून झाले की मी उठणार आणि म्हणणार, आता ह्या गोष्टीचा पुढचा भाग ऐका, आणि अंबूवन्सं इथं बसल्यात, विचारा त्यांना. मग मी फक्त ह्यांच्या तोंडाकडं बघणार होते. दुसरं काही नको होतं मला, साडी नको, पाटल्या नकोत. ते तोंड कसं दिसतं ते एकदा बघायचं होतं. आणि पाच दिवस आधी हे पुष्करच्या न्हाणीघरात पडले. मी धावत गेले तेव्हा तोंड वाकडं झालेलं होतं, आणि मला आधी वाटलं, ह्यांना कळलं! म्हणजे मी असली बाई. पण खोटं कशाला बोलू, तेच वाटलं.

म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले, वर आलं आणि छातीत उतरलं तर काही खरं नाही, तेव्हा मी खाटेची दांडी धरली. जाईबाईनं मला धरलं आणि लोकांना वाटलं ते वाटलं. डॉक्टरांनी डाळ निम्म्यावर आणली, दिवसातून तीनदा मशीन फिरवून बघायचं ठरवलं. मोठे डॉक्टर त्यांची थट्टा करायचे. "ऐवळे, ते बाळं बघायचं मशीन आहे, म्हाताऱ्यांची पोटं बघत काय बसता? सिरिंजनं ओढून बघा ना किती उरलंय." आमचे डॉक्टर हसून म्हणायचे, "सर, ओढून येतं ते कळतं, न येणारं कळत नाही." आटपाडीकडचा माणूस, काळा, उंच, पस्तिशीचा, बोलताना शहरी बोलायचा आणि कामात गुंतला की भाषा सुटायची. अंबूवन्संनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडचे?" "आटपाडीचा." "तसं नव्हे, कुणापैकी?" "आईबापापैकी," डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा सरका, तुमची सावली पडतीय." वन्सं सरकल्या. मला वाटलं हे शुद्धीवर असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, आणि मीही कधीकाळी असंच विचारलेलं आहे, पण त्या वेळी मला फक्त ह्यांचं पोट चालायला हवं होतं, ते कुणीही चालवलं असतं तरी.

आणि दोन दिवसांत ते थोडं चालायलाही लागलं. पडद्यावरची पिशवी बारीक होत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी हात धुवायला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेले, परत येते तर आत गोंधळ. ह्यांचं तोंड निळं, नर्स घशात नळी घालून खरखर ओढतेय, डॉक्टर पळत येतायत, जाईबाई भिंतीला चिकटून उभी, आणि अंबूवन्सं हातात वाटी घेऊन डोळे मिटून पुटपुटतायत. वाटीत शिरा. पुष्करच्या बायकोनं घरी सत्यनारायण घातला होता, वन्संनी त्या प्रसादाचा शिरा दुधात कालवला, वर केळं कुस्करलं, तुळशीचं पान चुरडलं, आणि मोठ्या सिरिंजनं नाकातल्या नळीत ढकलला. रवा नळीत बसला आणि फुगला. मग वन्संनी जोर लावला.

"कुणी घातलं हे?" डॉक्टर ओरडले.

"ओरडायचं काम नाही," वन्सं म्हणाल्या. "प्रसाद आहे. प्रसाद नाकारायचा नसतो."

"अहो ते नाकारत नव्हते, त्यांची नळी नाकारत होती! जाईबाई, तू इथंच हुतीस न्हवं?"

"व्हय की," जाईबाई रडवेली झाली. "पर देवाचं हाय म्हनल्याव म्या कशी नगं म्हनू? आनि म्हातारीनं मलाबी दिला वाईच. चांगला झालाता."

मी वन्संना हाताला धरून बाहेर नेलं. ऐंशी वर्षांची बाई, हात काडीसारखा, पण मी तो इतका जोरात धरला की त्या कळवळल्या. "वन्सं," मी म्हटलं, "त्यांना काही झालं असतं तर मी तुम्हाला सोडलं नसतं." मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "अगं, एवढा जीव आहे तुझा त्याच्यावर? मला वाटलं, तू त्याच्यावर अजून डूख धरून आहेस." मी त्यांना बाकावर बसवलं, त्या पोटुशा बायकांच्या रांगेत, आणि आत आले.

आत डॉक्टर चोंदलेली नळी काढून बसले होते. छातीत काही उतरलं नव्हतं, थोडक्यात वाचले. पण आता ह्या जठराच्या नादाला लागायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. लांब, बारीक नळी आणलेली होती. ती जठरातून पुढं नेऊन थेट आतड्यात सोडायची, म्हणजे जठर रुसलेलं असलं तरी अन्न त्याला बगल देऊन जाईल, आणि उलट वर यायची भीती कमी. एरवी हे आंधळेपणानं करतात आणि दहा वेळा एक्स-रेला नेतात, पण ह्या रोग्याला हलवण्यात जोखीम, म्हणून खाटेवरच, सोनोग्राफीत बघत बघत. नर्स शेजारच्या खाटेला अडकलेली, जाईबाईला शिक्षा म्हणून दाराबाहेर उभं केलेलं. डॉक्टर मला म्हणाले, "आजी, तुम्हीच या. यांना उजव्या कुशीवर धरायचंय. खांदा धरा आणि हलू देऊ नका. जमेल?" मी म्हटलं, "सेहेचाळीस वर्षं धरलंय."

एवढ्या जवळून ह्यांच्याकडं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. कानात केस वाढलेले. मानेवर माझी बोटं, आणि मानेतली शीर माझ्या बोटाखाली टुकटुक करत होती. अंगठा जरा सरकवला असता की… नाही, तसलं काही मनात नव्हतं, उलट मी ती शीर मोजत होते, थांबू नकोस, थांबू नकोस म्हणत. डॉक्टरांनी आधी पोटातलं सगळं ओढून काढलं, मग थोडं पाणी सोडलं, त्या पाण्यात जठर पडद्यावर स्वच्छ काळं उठलं आणि त्यात दोन बारीक पांढऱ्या रेघा, शेजारी शेजारी. "ही नळी. आणि हे इथं, आवळलंय बघा, इथं दार आहे. दार आपणहून उघडतं. ते उघडलं की मी एक बोटभर पुढं सारणार. जोर करायचा नाही. वाट बघायची." मी म्हटलं, किती? म्हणाले, "त्यांच्या मर्जीवर." मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. दार उघडायचं, रेघा बोटभर पुढं जायच्या, दार मिटायचं. मला एकदम वाटलं, मी सगळा जन्म ह्या माणसाच्या जिभेपाशी उभी राहिले. जीभ म्हणजे त्यांच्या घराचा दरवान, तिनं मला कधी आत सोडलं नाही. आणि आता जिभेला विचारत नाही, जठराला विचारत नाही, मागच्या दारानं थेट माजघरात. ह्या विचारानं मला इतकं हसू फुटलं की डॉक्टरांनी वर बघितलं.

"काय झालं आजी?"

मग मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. खांदा धरून हात भरून आले होते, बोलल्यानं बरं वाटत होतं. पंगत सांगितली, साताऱ्याचे साहेब, उष्टे हात, पितळी डबा, परसदार, सगळं. डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता ऐकत होते. डबा पुढच्या दारानं परत आला आणि ह्यांनी "शिक काहीतरी" म्हटलं, तिथं ते जे हसले की दांडा पोटावरून घसरला. "थांबा, थांबा! दार गेलं! आजी, आता हसवू नका, म्हातारं मरल!" रेघा परत सापडेपर्यंत दोघांचाही जीव टांगणीला. मग ते हळूच म्हणाले, "आमच्या घरात असा भुरका मारून उठणारं कुणी नव्हतं. पहिला भुरका कुणी मारायचा ह्यावरच भांडणं. पण खरं सांगू, लय सोसलंत. मी असतो तर पहिल्याच दिवशी डबा डोक्यात घातला असता."

"तेच करायचंय," मी म्हटलं. "म्हणून तर उठवा म्हणते ह्यांना."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आख्ख्या दवाखान्यात त्या एकाच माणसाला कळलं की मी खुर्चीत कशासाठी बसले होते. ते रागावले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले, आणि नळी बोटभर पुढं सारली. मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं. सगळं ओठांवर होतं, सांगून टाकावं, कोण जाणे उद्या काय होईल. पण मिटलेल्या डोळ्यांना सांगून काय उपयोग? ते म्हणजे देवळात कुणी नसताना घंटा वाजवणं. मी तोंड परत वर घेतलं. पाऊण तासानं डॉक्टर म्हणाले, "गेली. दाराच्या पार गेली." नंतर एक्स-रेनं खात्री केली तेव्हा मोठ्या डॉक्टरांची थट्टाही बंद झाली.

त्यानंतर तेवीस दिवस माझा नवरा थेंबाथेंबानं जेवला. दवाखान्यातून बनवून आलेलं पातळ अन्न बाटलीतून टपटपत उतरायचं, आणि मी प्रत्येक थेंब नजरेनं खाली पोचवायचे. गालावर मांस आलं. बोटं हलली. दवाखान्यात आल्यापासून बाविसाव्या दिवशी डोळे उघडले, आणि जाईबाई बोंबलत व्हरांडाभर पळाली, "उठलं! आजोबा उठलं!" सगळे रडले. मी पिशवीतून तो पाठपोट लिहिलेला कागद काढून एकदा वाचून घेतला.

आणखी दहा दिवसांनी, गिळता येतंय ह्याची खात्री करून, नळी काढली आणि साध्या खोलीत हलवलं. डावी बाजू लुळी, पण जीभ आदल्या दिवशीच सुटली होती, शब्द सावकाश आणि स्पष्ट. दुपारची वेळ. खुर्चीत वन्सं, दारात जाईबाई, माझ्या हातात वाटी. त्या दिवशी मी साक्षीदार मुद्दाम बसवून घेतले होते. पहिला चमचा दिला. आमटी. चिंच, गूळ, गोडा मसाला. त्यांनी तोंडात घोळवली, गिळली, आणि म्हणाले, "वा. फार छान. तुम्ही केलीत?"

तुम्ही. मी वन्संकडं बघितलं. वन्संनी पुढं वाकून विचारलं, "नाना, मी कोण?" ते विचार करून नम्रपणे म्हणाले, "माफ करा, ओळख लागत नाही." "आणि ही?" "ह्या बाई रोज येतात. चांगल्या आहेत." डॉक्टर ऐवळे मला आदल्या दिवशी म्हणाले होते, "आजी, मेंदूतलं सगळं परत येईलच असं नाही, आलं तर हळूहळू." पण ते मी डाव्या हाताबद्दल समजले होते.

पुष्करनं मला नंतर विचारलं की आई, त्या दिवशी तू रडलीस का? नाही. मला चोरी झाल्यासारखं वाटलं. एवढा पहारा दिला, आणि चोर आतल्या आत पळाला होता. खाटेवर बसलेला हा माणूस कुणी वेगळाच होता, स्वच्छ, गोड, कुणाचंही काही न केलेला. तरीही मी कागद उघडला. म्हटलं, एक गोष्ट सांगते, ऐकाल का? तो खुशीनं मान हलवून बसला. मी सांगत गेले. पंगत उठली तिथं त्याच्या कपाळावर आठी पडली. "भरल्या पानावरून?" म्हणाला. "काय गाढव माणूस आहे!" वन्संनी तोंडाला पदर लावला. लोक हसायचे ते सांगितलं, तेव्हा तो खाली बघत राहिला. डब्याचं सांगितलं, दोन आळ्यांचं, तेहेतीस वर्षांचं, तेव्हा हसला, ठसका लागेपर्यंत हसला, जाईबाईनं पाठ चोळली. मग त्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ माझ्याकडं बघितलं, गणित कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखं.

"पण त्या बाईनं त्याला इतकी वर्षं जेवायला का घातलं?" त्यानं विचारलं. "उपाशी ठेवायचं. मारायचं चांगलं."

"मारणारच होती," मी म्हटलं. "त्याआधी जगवावं लागलं."

"चुकलं तिचं," तो म्हणाला. निकाल दिला आणि मोकळा झाला, आणि पुढच्या घासासाठी आ करून बसला. मी चमचा भरला आणि त्याच्या तोंडापासून चार बोटांवर आणून थांबवला. तो वाट बघत राहिला. जाईबाई म्हणाली, "आवं आजी, द्या की, गार हुतीया." वन्सं म्हणाल्या, "विनू, अगं दे ना." माझा हात दुखायला लागला होता, पण मी तो हलवला नाही. त्यानंही तोंड मिटलं नाही.